नोव्हेंबरचा दुसरा आठवडा

वॉट टर्नबुल काही माणूसघाणा नव्हता. ट्वीड नदीच्या त्या दीड मैलाच्या पट्ट्यात तो एकतीस वर्षं होडी धरत आला होता आणि सॅल्मन माशांच्या मागे येणारे नाना तऱ्हेचे लोक त्याने झेलले होते. पाण्यापेक्षा झाडांनाच जास्त गळ लावणारे, मासा लागला की हातपाय गाळणारे, नाही लागला की नावाड्याच्या नावाने खडे फोडणारे. सगळ्यांना तो शनिवारी हसतमुखाने वाटेला लावी. नोव्हेंबरचा दुसरा आठवडा मात्र नुसता कॅलेंडरवर दिसला तरी त्याच्या कपाळाला आठी पडे. तो आठवडा मिस ड्रायस्डेल यांचा होता.

त्यांचा म्हणजे अगदी त्यांच्या मालकीचा. चांगल्या पाण्यावरचा शरदातला मासेमारीचा आठवडा एकदा हाती आला की लोक तो मरेपर्यंत सोडत नाहीत, मृत्युपत्रात लिहून ठेवतात. बाईंना तो वडिलांकडून आला होता. आता बाई अठ्ठ्याहत्तरच्या. एडिनबरात चाळीस वर्षं सर्जन होत्या. निवृत्त होताना त्यांनी शस्त्रं खाली ठेवली, जीभ मात्र खाली ठेवली नाही.

सोमवारी सकाळी नऊच्या ठोक्याला बाई काठ उतरून खाली आल्या. वॉटने पुढे केलेला हात त्यांनी दरवर्षीप्रमाणे पाहिलाच नाही.

"टर्नबुल, आहेस अजून?"

"तुमची कृपा, बाईसाहेब."

"माझी कृपा असती तर एव्हाना तू सुधारला असतास. पेटी दाखव."

वॉटने पेटी उघडली. गळाला पिसं आणि केस गुंडाळून केलेल्या माश्या त्याने हिवाळाभर बसून स्वतःच्या हाताने बांधल्या होत्या. बाईंनी त्यातली एक नारिंगी माशी दोन बोटांत धरून उजेडात फिरवली.

"ही काय मांजराच्या तोंडातून काढलीस?"

"गेल्या आठवड्यात हिच्यावर सहा मासे लागले."

"सहाही आंधळे असणार. मला डोळस हवाय." आणि त्यांनी स्वतःची काळी माशी बांधली.

होडीत खुर्ची असते. बाकीचे लोक तिच्यावर बसून गळ टाकतात. बाई गेली सव्वीस वर्षं उभ्याने टाकत होत्या. वॉट कंबरभर पाण्यात उभा राहून होडीचा दोर धरायचा. बाईंनी एकदा गळ टाकला की हातभर दोर सोडायचा, होडी तेवढीच खाली सरकायची, पुन्हा गळ, पुन्हा हातभर दोर. असा अख्खा डोह वरपासून खालपर्यंत विंचरून काढायचा. दोर हातभराऐवजी दोन हात सुटला तर मधलं पाणी वाया जातं, आणि हिसका बसला तर उभा माणूस पाण्यात जातो. वॉटच्या होडीला एकतीस वर्षांत हिसका बसला नव्हता. एवढं एक बाईसुद्धा नाकारत नसत, फक्त कबूलही करत नसत.

त्या सोमवारी दहाव्या की अकराव्या फेकीला बाईंचे गुडघे लटपटले. हात पटकन होडीच्या कडेला गेला आणि तितक्याच पटकन परत आला. वॉटने ते पाहिलं आणि त्याला बरं वाटलं. लाज वगैरे काही वाटली नाही.

संध्याकाळी इस्टेटीचे कारभारी रेन्विक मुद्दाम नदीवरच्या झोपडीपर्यंत आले. माणूस चाळिशीचा, सात वर्षांपूर्वी आलेला, बूट कायम कोरडे.

"वॉट, म्हातारीचं कसं काय? होडीत उभं राहण्यासारखी आहे ना? उद्या काही झालं तर निस्तरायला मी आहे. आणि आठवड्यासाठी रांग लागलीय. तुम्ही नुसतं म्हणा, मी पुढच्या वर्षी नाव काढून टाकतो."

"शुक्रवारपर्यंत बघतो, साहेब."

एकोणीस वर्षं वॉट ज्याची वाट पाहत होता ते असं आपल्या पायांनी चालत आलं. एकोणीस वर्षांपूर्वी दुसऱ्या होडीवर त्याचा धाकटा भाऊ नील होता. एका कोरड्या शरदात, पाणी आटून मासे बांधाखालच्या डोहात खच्चून भरले असताना, नीलने एका पाहुण्याची गळाची काठी हातात घेतली आणि जड गळ माशांच्या गर्दीतून ओढला. असा गळ माशाच्या तोंडात लागत नाही, पाठीत, पोटात, जिथे मिळेल तिथे रुततो. नदीवर याहून नीच काम दुसरं नाही. मिस ड्रायस्डेल यांनी ते पाहिलं आणि तेव्हाच्या कारभाऱ्याला पत्र लिहिलं. नीलला तोंडावर एक शब्द बोलल्या नाहीत. चार दिवसांत नीलची नोकरी गेली आणि नोकरीबरोबरचं घरही गेलं. आता तो पीटरहेडला एका कारखान्यात पिंजऱ्यात पोसलेले सॅल्मन बर्फात भरतो. नाताळला कार्ड पाठवतो, त्यात नुसतं नाव असतं.

मंगळवारी आणि बुधवारी पाऊस कोसळला. नदी चहाच्या रंगाची झाली, वरून कुजकी पानं आणि फांद्या वाहत आल्या. दोघं झोपडीत शेकोटीच्या दोन बाजूंना बसून राहिले. बाईंनी डब्यातलं गार मटण खाल्लं, वॉटने चीज आणि कांद्याचं सँडविच.

"तुझ्या कांद्याचा वास माशांना लागतो," बाई म्हणाल्या.

"मासे बाहेर आहेत, बाईसाहेब."

"मग तूही बाहेर जाऊन खा."

तो पावसात उभा राहून जेवला. हट्टाने. मधून मधून खिडकीतून आत बघत होता. बाई उठताना आधी टेबल धरत, मग भिंत. त्याने ते मनात टिपून ठेवलं.

गुरुवारी पाणी उतरलं. दुपारी मासे डोहात उसळ्या मारायला लागले, तांबूस पडलेले मोठे नर आणि त्यांच्यामधून एखादी समुद्रातून नुकती आलेली चांदीसारखी मादी. तीनच्या सुमाराला बाईंच्या काळ्या माशीला जोरदार ओढ बसली. काठीवरची दोरीची चकरी किंचाळली. वॉट होडी काठाला घ्यायला लागला, मासा लागला की माणसाला काठावर उतरवायचं आणि तिथून मासा खेळवायचा हीच इथली रीत. तेवढ्यात बाईंचा डावा गुडघा दुमडला आणि त्या धाडकन होडीच्या तळाशी बसल्या. होडी कलंडली, कडेवरून पाणी आत आलं. वॉटने दोर खांद्यावरून टाकला आणि सगळा भार पाठीवर घेतला. होडी सावरली, पण गळाची दोरी सैल पडली आणि मासा गेला.

बाई बसल्या जागीच सैल दोरी गुंडाळू लागल्या. त्यांची टोपी पाण्यावरून निघून गेली होती.

"दोर ढिला सोडलास तू."

"मी दोर ढिला सोडला असता तर तुम्ही आत्ता टोपीच्या पुढे असता."

"वीस पौंडांचा होता."

"बाराचा होता."

"वीसचा!" त्यांचा आवाज फाटला. उठायला त्यांना दोन प्रयत्न लागले. वॉटने हात दिला नाही. मागितला नव्हता ना?

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत तो कचेरीत गेला आणि रेन्विकना सगळं सांगितलं. गुडघा, भिंत, होडीतलं पाणी. एक अक्षर खोटं नव्हतं. कुणालाही विचारलं असतं तर त्याने हेच सांगितलं असतं, आणि म्हणूनच वॉटला ते सांगताना इतकी चव आली. परत येताना तो चक्क शीळ घालत होता.

शनिवारी बाई नऊलाच आल्या. सकाळी पाहुण्यांच्या बंगल्यावर नाश्त्याच्या टेबलाशीच रेन्विक त्यांना निर्णय सांगून गेले होते, हे वॉटला स्वयंपाकिणीकडून आधीच कळलं होतं. बाईंनी पेटी मागितली नाही, माशीवरून खोड काढली नाही. होडीत चढल्या, खुर्चीकडे पाहिलं आणि उभ्याच राहिल्या. तासभर नुसता गळ पडत होता आणि दोर सुटत होता.

मग गळ पाण्यात असतानाच, मागे न बघता त्यांनी विचारलं, "तू सांगितलंस?"

"हो."

"मला का नाही सांगितलंस? मी इथेच तर होते, तुझ्यापासून पाच हातांवर."

वॉट याचीच वाट पाहत होता. "तुम्ही नीलला सांगितलं होतंत? तो कुठे शंभर मैलांवर होता! पत्र लिहून मोकळ्या झालात. घर गेलं त्याचं."

"गेलं. आजही तो असं करताना दिसला तर आजही लिहीन."

"लिहा ना! तुम्हाला दुसरं येतं काय?"

बाईंनी गळ आवरला. सावकाश, चकरीचा दात न् दात ऐकू येईल असा. मग खुर्चीच्या पाठीला धरून त्या वॉटकडे वळल्या.

"त्या दिवशी मी बांधाजवळच्या झाडाखाली डबा खात होते. तुझ्या भावाने मासा अडकवून काठी परत हातात दिलेला तो मूर्ख पाहुणा काठावर नाचत होता आणि जाळं घेऊन पाण्यात कोण उतरलं होतं? तू. पाहुण्याकडे पाठ केलीस. माशाच्या पाठीतला गळ उपटलास आणि तोंडात बसवलास. मग मासा वर उचलून दाखवलास, टाळ्या घेतल्यास. तो मासा मी नंतर हातात घेऊन पाहिला, टर्नबुल. जखमा ओळखण्यातच माझा जन्म गेला."

वॉटच्या हातात दोर होता. दोर सोडता येत नव्हता म्हणूनच वॉट तिथे उभा होता.

"पहिल्या पत्रात मी दोन नावं लिहिली होती," बाई म्हणाल्या. "मग ते फाडलं आणि एकाच नावाचं दुसरं लिहिलं. दया आली असं समजू नकोस. तुझा भाऊ दारू पिऊन होडी हलवायचा, तू हलवत नाहीस. मला उभ्याने गळ टाकायचा होता. बाकी मला तुझं काही पडलेलं नव्हतं."

"मग... मग नीलने..." वॉट म्हणायला गेला.

"त्याने तुझं नाव घेतलं नाही. मीही घेतलं नाही. पण तुलाही तोंड होतं, टर्नबुल. दुसरं नाव सांगायला तुला कोणी अडवलं होतं?"

एकोणीस वर्षं वॉट बाईंना कोसत आला होता. त्या चार दिवसांत नील सामान बांधत असताना आपण त्याच्या दारात उभे होतो, खोकी उचलून गाडीत ठेवत होतो, आणि तोंडाने फक्त त्या बाईला शिव्या देत होतो, हे त्याला आठवायचं नव्हतं. नीलने तेव्हा एकदा त्याच्याकडे पाहिलं होतं. बराच वेळ पाहिलं होतं.

"हातभर सोड," बाई म्हणाल्या. "पाचपर्यंत आठवडा माझा आहे."

त्याने हातभर सोडला. पाचपर्यंत एकही मासा लागला नाही. पाच वाजता बाईंनी काठीचे तुकडे सुटे करून पिशवीत भरले, त्याचा हात न घेता चार ठिकाणी थांबत काठ चढल्या आणि गाडीत बसून निघून गेल्या. निरोप घेतला नाही.

वॉट तसाच, कमरेपर्यंतच्या ओल्या रबरी बुटांनिशी कचेरीत गेला. पायऱ्यांवर, जिन्यात, गालिच्यावर पाणी ठिबकत होतं. रेन्विक फोन खाली ठेवत होते.

"बाईसाहेबांचं नाव राहू द्या, साहेब. त्यांना मी पडू देणार नाही. खुर्चीत बसवतो, हवं तर बांधून ठेवतो."

"उशीर झाला, वॉट. आठवडा आत्ताच दुसऱ्याला दिला. आणि तुम्हीच तर सांगितलंत! बरोबर केलंत. मी तर तुमचं नाव वर कळवलंय, दक्ष माणूस म्हणून."

वॉट हलला नाही. टोपी हातात पिळत उभा राहिला.

"साहेब, एकोणीस वर्षांपूर्वी एका माशाच्या पाठीतला गळ मी तोंडात बसवला होता. नील एकटा नव्हता. मीही होतो."

रेन्विकनी कपाळाला आठ्या घालून त्याच्याकडे पाहिलं. खरोखर आठवायचा प्रयत्न करत होते बिचारे.

"कोण नील?" त्यांनी विचारलं.