पुस्तकामागची कडी

मंडळी, आज पुस्तक सुचवतेय, पण फोटो टाकणार नाही. का, ते ऐका.

दुपारी पालमहून येताना एसटीत शेजारचे अनोळखी काका म्हणाले, "ताई, खुनाच्या कादंबऱ्या लिहिणाऱ्या तुमीच ना? तुमी सांगितलेली पुस्तकं आमी वाचतो, लय भारी असतेत. पण तुमच्या मागच्या दाराची कडी तेवढी बसवून घ्या."

मी गर्रकन त्यांच्याकडे वळले. "तुम्ही घरी आला होतात?"

"न्हाई ओ. पुस्तकाच्या फोटोत मागं निखळलेली कडी दिसायलीय की. अन् चहाचा कप बी दरवेळी एकच असतोय."

घरी येऊन सगळे फोटो पाहिले. निखळलेली कडी, एकटा कप, शेजाऱ्यांच्या बंद घराचं कुलूप. सगळं मीच दाखवलेलं! माझ्या कादंबरीतला खुनी अशाच खुणांवरून तर सावज हेरतो.

आजचं पुस्तकही एकट्या बाईच्या खुनाचं आहे. जबरदस्त आहे, जरूर वाचा; नाव कमेंटमध्ये देते. मला मात्र शेवटची पानं वाचवेनात.

कडी बसवली, जुने फोटो डिलीट केले. तरी दाराकडे पाठ करून बसवत नाही.

काकांनी पाहिलं आणि सांगितलं. पाहून गप्प बसलेलं तुमच्यात कोण आहे?