बरं बसतंय, मास्तर

मारुती त्या दिवशी चौथ्यांदा पडला तेव्हा मालक वर गॅलरीत उभे होते. त्यांनी वरूनच विचारलं, "मास्तर, हाच का तुमचा हुकमी गडी?"

मी वर बघितलंच नाही. मी मारुतीच्या डाव्या घोट्याकडे बघत होतो. सरळ जाताना घोटा ठीक असायचा, वळला की आत कलायचा. आणि हॉकीत सरळ जायला मिळतं कुठं? सगळा खेळ वळण्याचाच असतो.

ही गोष्ट दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची. आमच्या मालकांनी बेळगावच्या कॅम्पात स्केटिंगची रिंक काढली होती. मालक लाकडाचे व्यापारी. खानापूरकडचं सागवान त्यांच्या वखारीत पडून असायचं. त्याची त्यांनी हौसेनं एक भलीमोठी गुळगुळीत फ्लोअर करून घेतली, आणि मग तिच्यावर काय करायचं याचा विचार केला. माणूसच तसा. मी तिथला रिंक मास्तर. येणाऱ्यांना स्केट बांधून द्यायचे, पडलेल्यांना उचलायचं, आणि स्केटवरच्या हॉकीची टीम तयार करायची, ही माझी कामं.

स्केट म्हणजे एक लोखंडी पट्टी, तिच्याखाली दोन पुढं आणि दोन मागं अशी चार चाकं. हौशी लोक आपल्याच बुटावर ती चामडी पट्ट्यानं आवळून घेतात आणि तासभर मजा करून जातात. हॉकी खेळणाऱ्याला ते चालत नाही. त्याचा बूट घोट्याच्या वरपर्यंत असावा लागतो आणि पट्टी बुटाच्या तळाला स्क्रूनं कायमची बसवावी लागते. टाच बुटात हलली तर घोटा कलतो. बोटं दाबली गेली तर वळताना जोर लागत नाही. थोडक्यात, गडी कितीही चांगला असो, बूट चुकला की तो सागवानावर आडवा होतो.

मारुती चांगलाच होता. शहापूरच्या विणकराच्या घरातला, बावीस-तेवीस वर्षांचा, गळ्यात तुळशीची माळ. लहानपणापासून मागाच्या खड्ड्यात पाय सोडून पायाखालच्या लाकडी पावड्या दाबलेल्या, त्यामुळं पायात ताकद लई. पट्ट्याच्या स्केटवर तो असा पळायचा की कॅम्पातले गोरे सोल्जर सुद्धा कडेला उभे राहून बघायचे. पण त्याच्या घरात माग एक आणि भाऊ तीन. थोरला विणणार, मधला विणणार, हा काय करणार? मालकांनी मला सांगून ठेवलं होतं, "दसऱ्यानंतरच्या रविवारी पुण्याची टीम येतेय. त्यांच्यासमोर तो उभा राहिला तर तुमचा असिस्टंट म्हणून घेतो. नाही तर पुण्याचाच एखादा माणूस ठेवून घेतो." मारुतीनं हे घरी सांगितलं होतं. एवढ्यासाठीच मी त्याला हॉकीचे बूट करून घ्यायला लावले होते, आणि त्या बुटांवर तो पडत होता.

बूट केले होते कॅम्पातल्या दुकानात. तिथं यल्लाप्पा मिस्त्री बसायचे, जातीनं चांभार, वय साठीच्या पुढं, डोकं पांढरंशुभ्र. साहेब लोकांचे घोड्यावर बसायचे बूट करण्यात त्यांची हयात गेलेली. माप घेतलं त्या दिवशी मीही हजर होतो. हजर म्हणजे काय, मी मुंबईहून आलेल्या पट्ट्यांची चाकं फिरवून बघत बसलो होतो. आठ दिवसांनी मारुतीनं बूट पायात घातले. मिस्त्रींनी विचारलं, "कसं बसतंय?" मारुती म्हणाला, "बरं बसतंय." आम्ही घेऊन आलो.

चौथ्या पडण्यानंतर मी ते बूट उचलले आणि तडक दुकानात गेलो.

"मिस्त्री, हे काय केलंसा? पोराचा घोटा कलतोय."

त्यांनी बूट हातात घेऊन फिरवला. "बरं बसतंय म्हणालतं की पोरगं."

"तो साधा माणूस आहे. बरं म्हणणारच. बूट कळायला तुम्हाला नको?"

"मला बूट कळत न्हाय म्हणा की मग."

"तसंच म्हणतोय," मी म्हणालो.

हे वाक्य मी बोललो. दुकानात दोन गिऱ्हाइकं बसली होती, त्यांच्यासमोर बोललो.  मिस्त्रींनी बूट माझ्यासमोर ठेवला आणि आरी उचलून आपल्या कामाला लागले.

मग सुरू झाली माझी वणवण. बेळगावच्या बाजारात एक दुकान होतं, काचेचं कपाट, आत ओळीनं बूट. तिथल्या वयस्कर फिटरनं मारुतीला स्टुलावर बसवलं, बूट घातला, पुढून अंगठ्यानं दाबून बघितलं. "कसं वाटतंय?" "बरं बसतंय." मी विचारलं, "टाच हलतेय का, बघणार नाही का?" तो म्हणाला, "वापरलं की सगळं आपोआप बसतंय, साहेब." मी म्हणालो, "मला आपोआप नको, आत्ता पाहिजे." त्यानं माझ्याकडं दयेनं बघितलं.

दुसऱ्या दुकानानं एक नंबर मोठा बूट काढला. का, तर अंगात वाढ आहे. मी म्हणालो, "बाबा रे, मिशा बघ त्याच्या. आता कुठली वाढ?" तिसऱ्या दुकानदारानं पायाकडे बघितलंसुद्धा नाही. त्यानं विचारलं, "माप आणलंय का?" आमच्याकडे अजूनही खेड्यातून माणूस बाजाराला येतो तो घरच्यांच्या पायांची मापं सुतळीवर गाठ मारून आणतो. सुतळीवर लांबी कळते. रुंदी, चवडा, टाच यांतलं काही कळत नाही. पण दुकानदाराला तीच सवय. समोर साक्षात पाय उभा होता आणि तो सुतळी मागत होता. मी मारुतीचा हात धरून बाहेर आलो.

कुणीतरी म्हणालं, निपाणीला जा. तंबाखूच्या व्यापाऱ्यांना मुंबईचे बूट लागतात, त्यामुळं तिथं एक माणूस मुंबईला काम शिकून आलेला आहे. गेलो. मोटारीनं धूळ खात गेलो. माणूस खरंच शिकलेला दिसत होता. आमच्याच बुटांची टाच उसवून त्यानं पुन्हा शिवली. मारुतीचा पाय हातात घ्यायला तो वाकला, मग काय झालं कुणास ठाऊक, सरळ उभा राहिला. पाय लांबूनच बघितला आणि म्हणाला, "पुढं कापूस घाला. बरं बसंल."

"बसतंय की, बरं बसतंय," मारुती लगेच म्हणाला.

दोन्ही बुटांत कापूस घालून आम्ही परत आलो. दसरा तोंडावर आलेला. मालक विचारत होते, पुण्याच्या माणसासाठी पत्र टाकू का. मी म्हणालो, चार दिवस थांबा. माझं डोकं असं तापलं होतं की या मुलखात एका माणसाला तरी बूट कळतो का, हे मी दिसेल त्याला विचारत होतो.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी प्रॅक्टिस संपली. मारुती बाकावर बसून बूट काढत होता, माझ्याकडे पाठ करून. मला ते खटकलं. मी वळसा घालून पुढं गेलो. उजवा मोजा बोटांपाशी लाल झाला होता. डावा कोरडा, आणि टाचेला गोळा होऊन बसलेला.

"हे काय?"

"काय न्हाय, मास्तर."

"मारुती, रक्त आलंय. हे कधीपासून?"

तो खाली बघत म्हणाला, "पयल्यापासनं."

मी त्याच्या शेजारी बसलो. ओरडायचं होतं, पण ओरडायला त्राण उरलं नव्हतं. "चार दुकानं हिंडलो रे. निपाणीला गेलो. दर वेळी बरं बसतंय, बरं बसतंय. एकदा तरी खरं का बोलला नाहीस?"

"कसं बोलू? मिस्त्री आण्णा वाकलं, माझा पाय धराय लागलं. माझ्या आज्याच्या वयाचा माणूस. त्येच्या हातात पाय द्यायचा? पाप लागंल की. मी पाय वढून घेतला आन बरं बसतंय म्हणालो. तसं म्हणालो की सोडत्यात."

"आणि बाकीचे?"

"ते बी वडीलच की, मास्तर."

मी कपाळाला हात लावला. तीन आठवडे मी फिटर शोधत होतो. आणि फिटरच्या हातात पायच पोचत नव्हता. वडिलांना पाय लागू नये, चुकून लागला तर लगेच नमस्कार करावा, हे आम्हाला लहानपणापासून शिकवलेलं. मलाही शिकवलेलं. पण ही शिकवण बुटाच्या दुकानात घेऊन जाणारा माणूस मला तोवर भेटला नव्हता.

दुसऱ्या दिवशी घरची मागाची पूजा उरकून मारुती आला. त्याला घेऊन मी मिस्त्रींच्या दुकानात गेलो. त्यांच्या हत्यारांचीही पूजा झाली होती. आरीला, रापीला हळदकुंकू लावलेलं. त्या दिवशी हत्याराला हात लावत नाहीत, म्हणून ते रिकामे बसले होते. मला बघून ते उठले नाहीत.

"मिस्त्री, चूक झाली. त्या दिवशी मी नको ते बोललो."

"तुमचं ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "तुमच्या बोलण्याचं मला काय वाटलं न्हाय. ह्या पोरानं माझा हात लागताच पाय मागं घेतला, ते लागलं मनाला. चांभाराच्या हातचा बूट चालतोय. हात चालत न्हाय, व्हय रं?"

मारुतीचा चेहरा उतरला. तो एकदम बोलू लागला, "न्हाय हो आण्णा. तसलं काय मनात आलं आसंल तर ह्या माळंची आण. तुमी वडील, म्हणून मी... विटाळाचं न्हाय हो ते."

  खरं सांगतो, मलाही आदल्या रात्री असाच संशय येऊन गेला होता आणि मी तो विचारला नव्हता.

"मागावर बसतोस न्हवं तू?" मिस्त्रींनी विचारलं.

"व्हय."

"आज पूजा केलास मागाची. मग तो देव झाला का न्हाय?"

"झाला की."

"मग त्या देवाला रोज पाय कसं लावतोस रं?"

मारुती म्हणाला, "बसायच्या आधी नमस्कार करतो. मग पावडीवर पाय ठेवतो."

"हां. मग मलाबी कर नमस्कार. आन दे पाय हिकडं."

मारुती वाकला, त्यांच्या पायावर डोकं ठेवलं. मग स्टुलावर बसून त्यानं डोळे मिटून पाय पुढं केला. मिस्त्रींनी तो दोन्ही हातांत घेतला, आणि हत्यार न उचलता नुसत्या अंगठ्यानं बघत गेले. टाच, घोटा, चवडा, एकेक बोट. मग त्याला उभं केलं. म्हणाले, बसलेल्या माणसाचा पाय येगळा, उभ्याचा येगळा. अंगाचं वजन आलं की पाय पसरतो. दोन्ही पाय कागदावर ठेवून भोवती कोळशानं रेघ ओढली. वितीनं मोजताना तोंडानं कानडी चालू होतं, ओंदु, एरडु.

"मास्तर, हे बघा." उजव्या पायाची रेघ डाव्यापेक्षा बोटभर लांब होती, आणि चवडाही रुंद. "पावडी दाबून दाबून झालंय. दोन पायाला दोन नंबर पायजेत. मी पाय लांबनं बघून अंदाजानं एकाच नंबरची जोड केली. उजवा दाबतोय, डावा हलतोय. घोटा कलंल न्हाय तर काय हुईल?"

नव्या बुटांना पट्टी बसवतानाही त्यांनी मारुतीला पुन्हा बोलावलं. टाचेच्या मध्यापासून अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या मधोमध रेघ मारली आणि पट्टी त्या रेघेवर बसवली. रविवारच्या आदल्या दिवशी बूट हातात आले.

मॅच आम्ही हरलो. चाराला तीन. पुण्याची टीम चांगलीच होती. आमचे तिन्ही गोल मारुतीचे, आणि तो पूर्ण मॅचमध्ये एकदाच पडला, तेही धक्का लागून. मालक गॅलरीतून खाली आले. "हरलात की हो, मास्तर," म्हणाले, आणि मारुतीला सोमवारपासून कामावर यायला सांगितलं.

त्याला पहिलं काम मी दिलं ते स्केट बांधून द्यायचं. आणि एक नियम केला. गिऱ्हाईक बरं बसतंय म्हणालं तरी ते कानाआड करायचं, आणि पाय स्वतः हातात घेऊन बघायचा. पुढं कित्येक वर्षं रिंकमध्ये तो नियम चालला.

त्या दिवाळीत मी मिस्त्रींकडं स्वतःसाठी बूट करायला टाकले. म्हटलं, तेवढीच भरपाई. बूट तयार झाल्यावर गेलो, स्टुलावर बसलो, बूट चढवला. करंगळीपाशी चांगलाच चावत होता. मिस्त्री उठले, समोर बसले आणि वाकले. ते पांढरं डोकं माझ्या गुडघ्याशी आलं.

"कसं बसतंय, मास्तर?"

माझा पाय आपोआप मागं सरकला होता. "बरं बसतंय," मी म्हणालो.

मिस्त्रींनी मान वर करून माझ्याकडं बघितलं. नुसते थांबून राहिले.

मी वाकून नमस्कार केला आणि पाय त्यांच्या हातात दिला.