वहिनींचा एकगठ्ठा होकार

लिफ्ट दुरुस्तीच्या त्या ऑफिसात सगळेच त्यांना वहिनी म्हणायचे, अगदी साहेबसुद्धा. खऱ्या वहिनी त्या एकाच्याच. त्यांचा धाकटा दीर तिथे मिस्त्री होता. नवरा गेल्यावर ही फोनजवळची खुर्ची त्यांना त्यानेच मिळवून दिली होती. त्या लग्न होऊन आल्या तेव्हा हा दीर भांग पाडून घ्यायला त्यांच्यापुढे मांडी घालून बसायचा. आता अंगाने दांडगा झाला, तरी जेवणाचा डबा वहिनींच्याच हातचा हवा. बाई नाकासमोर चालणारी, पण आवाज खणखणीत. मिस्त्र्यांना फोनवर असं फैलावर घ्यायच्या की भलेभले टरकून असत.

कामं वाटायला अलीकडे एक एआय सहायक आला होता. ऑफिसने त्याचं नाव जावईबापू ठेवलं होतं. बोलणं गोड, मर्जी सांभाळावी लागणार, आणि चूक निघालीच तर ती सासरच्यांची! लिफ्टही हे जावईबापूच लांबून रोखायचे. मिस्त्रीने काम उघडलं की स्क्रीनवरच्या फळ्यावर त्या लिफ्टचा ठिपका लाल व्हायचा आणि लिफ्ट जागची हलायची नाही. काम बंद केलं की ठिपका हिरवा, लिफ्ट मोकळी. उंटावरून शेळ्या हाकायची अशी छान सोय झाल्यावर लिफ्टखाली उतरण्याआधी गच्चीवर जाऊन वीज तोडायचा व्याप मिस्त्र्यांनी सोडूनच दिला होता.

मिस्त्री कसले बिलंदर! नवं काम उघडायचं तर जागेचा फोटो हवा, कारण हवं, मोजमाप हवं. कोण करतो ही नसती उठाठेव? ते त्याच लिफ्टचं जुनं काम पुन्हा उघडायचे. तारीख जुनीच राहायची. वहिनींना हे ठाऊक होतं, पण त्या कानाडोळा करायच्या.

त्या दुपारी साहेब म्हणाले की फळा फार लाल दिसतोय, जुनं रखडलेलं निपटून टाका. वहिनींनी जावईबापूंना सांगितलं, महिन्याहून जुनी कामं एकगठ्ठा बंद करा. जावईबापूंनी अदबीने विचारलं, कामं बरीच आहेत, या लिफ्टही मोकळ्या होतील, करू का? नमुन्याला वरची चार-पाच नावं दाखवली. ती खरंच कधीची मेलेली कामं होती, बंद पडलेल्या इमारतींतली. वहिनींनी हो म्हटलं आणि चहाचा कप उचलला.

लाल ठिपके भराभर हिरवे होत गेले. बघायला बरं वाटत होतं. तेवढ्यात छापखान्याच्या इमारतीचा ठिपका हिरवा झाला, आणि वहिनींनी कप तसाच खाली ठेवला.

सकाळी निघताना दीर म्हणाला होता, आज छापखान्यात. तिथे लिफ्टच्या तळाशी जो खड्डा असतो, त्यातलं लाल बटण मोडलंय, ते बदलायचंय. खाली उतरलेल्या माणसाला लिफ्ट थांबवायला तेवढं एकच बटण असतं. काम त्यानेही जुनंच उघडलं असणार. ते बटण काढून हातात घेऊन तो आत्ता खड्ड्यात बसला असणार आणि वर लिफ्ट मोकळी. कोणीही कुठल्याही मजल्यावरून बोलावली की निघालीच.

फोन लावला, तर नुसता वाजत राहिला. खिशातून पडतो म्हणून तो फोन वरच पिशवीत ठेवायचा. आत्ता केलेलं सगळं उलटं कर, असं वहिनींनी घाईघाईने लिहिलं. जावईबापू म्हणाले, एकगठ्ठा बंद केलेली कामं ओळीने एकेक तपासूनच उघडता येतील, सुरुवात करू का? मग ती छापखान्याची एकच लिफ्ट रोख, वहिनींनी लिहिलं. त्यासाठी नवं काम उघडा, आणि जागेचा फोटो जोडा, असं जावईबापूंचं उत्तर आलं. मेल्या, फोटो कुठून आणू?

राहता राहिली एकच गोष्ट. भूकंप वगैरे झाला तर गावातल्या सगळ्या लिफ्ट एकदम रोखता येत. ते आजवर कोणी केलं नव्हतं. वहिनींनी लिहिलं, सगळ्या रोख.

लिफ्टमध्ये माणसं आहेत, ती अडकतील, करू का?

या वेळी त्यांनी शब्द न् शब्द वाचला. कोणी म्हातारं असेल, कोणी पोटुशी असेल, दवाखान्यात कोणाला वर नेत असतील. आपला एक वाचवायला आपण कोणाचा जीव घेतोय, देव जाणे. त्यांना इतकं भय आयुष्यात वाटलं नव्हतं. त्या भयासकटच त्यांनी हो म्हटलं.

फळा लालभडक झाला. ऑफिसातले सगळे फोन एकदम वाजू लागले, साहेब केबिनमधून धावत आले. वहिनींनी एकही फोन उचलला नाही, त्या दिराचाच नंबर लावत राहिल्या. शेवटी उचलला तो इमारतीच्या रखवालदाराने. भाऊ खाली खड्ड्यात आहेत, म्हणाला. बरे आहेत का, हे विचारायची वहिनींची छाती होईना. त्याला बोलायला दे, एवढंच त्या म्हणाल्या. रखवालदाराने फोन दाराच्या फटीशी धरला. आधी नुसता धापा टाकल्याचा आवाज आला.

"वहिनी, लिफ्ट पाठीला टेकलीय. ओणवा बसलोय. कोणी चालू केली?"

"मी."

"आता निघू का बाहेर? कडेने सरपटत येईन."

समोर ठिपका लाल होता. लिफ्ट पूर्ण सुरक्षित आहे, असं जावईबापू सांगत होते. वहिनींच्या तोंडून हो निघेना.

"हलू नकोस," त्या म्हणाल्या. "मी येते."

पदर खोचून त्या पळत सुटल्या. छापखाना मागच्याच रस्त्याला होता. जिने चढून गच्चीवरच्या खोलीत गेल्या आणि लिफ्टची वीज तोडणारा खटका दोन्ही हातांनी खाली ओढला. मग जिन्यात वाकून रखवालदाराला ओरडून सांगितलं, निघू दे त्याला आता, आणि परत जाऊन खटका धरून उभ्या राहिल्या.

दीर वर आला तेव्हा त्याची कोपरं सोलवटली होती, पाठीवर ग्रीसचा पट्टा उठला होता. वहिनींनी मागे वळून पाहिलं नाही.

"आलो मी, वहिनी," तो म्हणाला. "सोड आता."

त्यांना सोडता येईना. शेवटी त्यानेच जवळ जाऊन त्यांचं एकेक बोट सोडवलं.