मर्लने न कापलेलं गवत

मर्ल टकवेलने नवऱ्याला धावपट्टीच्या कडेला पुरलंय, असं आमच्या विमानतळावर कुजबुजलं जायचं. मोठ्याने बोलायची कुणाची छाती नव्हती, कारण कँटीनचा चहा तिच्याच हातचा.

पुरावा म्हणाल, तर गवत. आमचा विमानतळ म्हणजे महायुद्धात गायी हाकलून शिकाऊ वैमानिकांसाठी घेतलेलं कुरण. पुढे मेलबर्न सरकत सरकत कुंपणापर्यंत आलं. एक डांबरी पट्टी झाली, एक गवताची राहिली. ते गवत कापायला मर्लच ट्रॅक्टर फिरवायची. पण दर ऑगस्टमध्ये चादरीएवढा एक तुकडा वळसा घालून सोडायची. तिथे कुणी फिरकलं की पिवळ्या तोंडाची टिटवी किंचाळत टाळक्यावर झेपावायची.

"क्लॅरीच तो!" आमच्या फ्लाइंग क्लबचा सेक्रेटरी डेस म्हणायचा. "जिवंतपणीही असाच अंगावर यायचा."

क्लॅरी म्हणजे तोच नवरा. एका सकाळी दिसेनासा झाला. कुठे, ते विचारलं की मर्ल म्हणायची, "तू चहा पी."

अशाच एका ऑगस्टमध्ये नगरपालिकेने तपासनीस पाठवायचं ठरवलं. गवताची पट्टी नापास झाली, तर तिथे घरं उभी राहणार. पट्टी गेली की जुनी शिकाऊ विमानं जाणार, आणि त्यांच्याबरोबर मर्लचं कामही.

डेस काकुळतीला आला. "मर्ल, बाई गं, तेवढा तुकडा काप. वाढलेलं गवत दिसलं की संपलो आपण."

"नाही कापणार."

"क्लॅरीची झोपमोड होईल म्हणून?"

ओलं फडकं सणसणत त्याच्या कानाशी आलं. "मेल्या, पट्टी म्हणजे काय? टायरांच्या दोन ओळींमधलं गवत. मग टायर सरकवा की!"

 टायर म्हणजे कडेच्या खुणा, पांढरा रंग दिलेले. युद्धापासून त्यांना कुणी हात लावला नव्हता. जणू देवानेच मांडले होते.

शनिवारी अख्खा क्लब श्रमदानाला जमला. एकीकडे सॉसेज भाजत होते, दुसरीकडे टायर उचलताना पोटं सुटलेले वैमानिक कण्हत होते. एका बाजूची ओळ आत घेतली, दुसरीची तेवढीच बाहेर. तिकडचं नवं गवत मर्लने कापलं. डेसच्या टकलावर टिटवीने दोनदा चोच मारली.

"नवरा ओळखतो हं तुला," मी डेसला म्हटलं. मर्ल हसली, पहिल्यांदाच.

तपासनीस आला, टेप लावून गेला. "रुंदी बरोबर, गवत छान. पण बाहेर तो झुपका कसला?"

"पट्टीच्या बाहेर आहे ना, साहेब? मग चहा घ्या."

पट्टी पास झाली. पोरं आजही तिथेच विमान उतरवायला शिकतात.

क्लॅरी बेकरीतल्या नोरीनबरोबर दूर उत्तरेला केर्न्सला पळून गेला होता आणि तिथे मासे पकडायचं आमिष विकत होता. गवतात टिटवीची चार अंडी होती.