द्राक्षांचा घड आणि अण्णांची कण्हेर

अण्णा म्हणजे माझे वडील. देवगाव रंगारीची शेती भावाच्या हाती सोपवून ते मुकुंदवाडीला माझ्याकडे राहायला आले, तेव्हा सामानात कपड्यांची एक पिशवी होती आणि ओल्या पोत्यात गुंडाळलेल्या कण्हेरीच्या फांद्या. बांधावरची कण्हेर त्यांना शहरातही हवी होती. दोन-तीन वर्षांत झाडं फाटकाच्या वर गेली आणि गुलाबी फुलांनी लगडली. येणारा-जाणारा थांबून बघायचा. अण्णा मुद्दाम तिथंच खुर्ची टाकून बसायचे.

मग पिल्लू आलं. रेल्वे स्टेशनजवळून मीच उचलून आणलं होतं; गावरान, तांबूस, एक कान उभा आणि एक पडलेला. अण्णांनी आधी बजावलं, "कुत्रं अंगणात. घरात नाय." आठवडाभरात ते त्यांच्या खुर्चीखाली झोपायला लागलं आणि पंधरा दिवसांत अण्णा त्याच्याशी वाटून खायला लागले. चहात बुडवलेलं बिस्किट, पिठलं-भाकरी, जे ताटात असेल ते. मी काही म्हटलं, तर म्हणायचे, "शेतावरची कुत्री काय येगळं खातात? आपण खातो तेच."

मी शाळेत जीवशास्त्र शिकवते. बेडकाचं हृदय डोळे मिटून फळ्यावर काढेन. पण कुत्र्याला काय चालतं आणि काय नाही, हे मला ठाऊक नव्हतं आणि मी कधी विचारलंही नव्हतं.

एका रविवारी सकाळी पाहुण्यांनी द्राक्षं आणून दिली. ते गेल्यावर मी अंगणात आले, तर अण्णा एकेक द्राक्ष हवेत उडवत होते आणि पिल्लू उडी मारून झेलत होतं.

"बघ, बघ! एक बी खाली पडू देत नाय!"

मला इतकं हसू आलं की मी त्याचा व्हिडिओ काढला आणि शाळेतल्या एका मैत्रिणीला पाठवला. तिच्या घरी दोन कुत्री आहेत. दोन मिनिटांत तिचा फोन.

"अगं, द्राक्षं? किती खाल्ली त्यानं? आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे ने. द्राक्षांनी कुत्र्याच्या किडन्या जातात."

मी स्कूटर काढली. अण्णा मागे बसले, पिल्लाला उपरण्यात गुंडाळून छातीशी धरलेलं. पिल्लाला सगळीच गंमत वाटत होती. ते त्यांची हनुवटी चाटत होतं. अण्णा रस्ताभर एकच वाक्य म्हणत राहिले, "मला काय म्हाईत, माय. फळच हाय ना ते."

जनावरांची डॉक्टर वयानं माझ्याहूनही लहान होती. तिनं विचारलं, "किती खाल्ली?"

"मोजली नायत. अर्धा घड आसंल."

तिनं इंजेक्शन दिलं आणि थोड्या वेळात पिल्लानं सगळं एका ट्रेमध्ये ओकून टाकलं. अण्णा त्या ट्रेवर वाकून द्राक्षं मोजू लागले. "सोळा... सतरा..." डॉक्टरला हसू आवरेना. मला मात्र रडू येत होतं. दोन दिवस सलाईन लागलं, रक्त तपासलं. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "किडन्या चांगल्या आहेत. वेळेत आणलंत."

मग तिनं विचारलं, घरात अजून काय काय खायला देता? अण्णांनी प्रामाणिकपणे सगळं सांगितलं. तिनं एकेक गोष्ट खोडली. कांदा-लसूण कच्चा नाही, शिजवलेलाही नाही. चॉकलेट नाही. बेदाणे, मनुका तर द्राक्षांसारखेच.

"म्हंजे पिठलं पण नाय?"

"कांदा-लसूण घातलेलं नाही, काका. आणि अंगणात झाडं कोणती आहेत?"

अण्णा हळूच म्हणाले, "कण्हेर."

डॉक्टरनं पेन खाली ठेवलं. "ती सगळ्यात वाईट. पान, फूल, फांदी, काहीच पोटात जायला नको."

"आवं, पण बांधावर आमची गुरं कधी तोंड लावत नायत तिला."

"मोठ्या गुरांना कडू कळतं. तरी चाऱ्यात वाळलेली पानं गेली तर गुरंही दगावतात. हे तर लहान आहे, दात येतायत. हे चपलासुद्धा सोडणार नाही."

अण्णा त्या संध्याकाळी जेवले नाहीत. मी म्हटलं, "झाडांभोवती जाळी लावू." ते मान हलवून म्हणाले, "नाय. द्राक्षं माझ्या हातानं दिली. आता हे बी माझ्याच हातानं."

सकाळी हातमोजे घालून त्यांनी फांद्या तोडल्या, मुळं खणली, एकेक पान वेचलं. मी काडेपेटी आणली, तर ओरडले, "जाळू नको! धूर बी वाईट आसतो तिचा." म्हणजे झाड विषारी आहे, हे त्यांना जन्मभर ठाऊक होतं. फक्त घरात एक चावरं पिल्लू आलंय, हे त्या माहितीशी त्यांनी कधी जोडलं नव्हतं. पोत्यांची तोंडं बांधून त्यांनी कचऱ्याच्या गाडीवाल्याला तीनदा बजावलं की हे जनावरापुढं टाकू नका.

मोकळ्या वाफ्यात आम्ही मोगरा, गुलाब आणि जास्वंद लावली. हे सगळं डॉक्टरला विचारूनच. आता तिला अण्णांचे फोन सुरू झाले. भोपळा? चालेल, उकडून, मीठ न घालता. गाजर? चालेल. कलिंगड? बिया काढून. सीताफळ? थोडा गर चालेल, बी एकही नको. दौलताबादची सीताफळं आली, तेव्हा अण्णा चष्मा लावून तासभर बिया काढत बसले. मी म्हटलं, "आम्हाला कधी कुणी बिया काढून दिल्या नाहीत." ते म्हणाले, "तुला थुंकता येतं."

पुढं त्यांनी गल्लीही सोडली नाही. शेजारच्या भाभी उरलेलं सालन-चावल, म्हणजे कांद्याचा रस्सा आणि भात, गल्लीतल्या कुत्र्यांना घालायच्या. अण्णांनी त्यांना थांबवून कांद्याचं सगळं समजावलं. भाभी चकित होऊन म्हणाल्या, "इत्ते साल से खिला रई, अण्णा, किसीने बोलाच नई!" मला वाटलं, त्यांना राग आला असणार.

ईदच्या दुपारी भाभींनी दोन डबे पाठवले. मोठ्यात आमच्यासाठी बिर्याणी. छोट्यात नुसता भात आणि उकडलेलं चिकन. मीठ नाही, मसाला नाही, हाडं काढलेली. अण्णांनी आधी छोटा डबा उघडला. भाभींवर विश्वास होता, तरी एखादं हाड राहिलं नाही ना म्हणून ते बोटांनी एकेक शीत चाचपत बसले. पिल्लू त्यांच्या गुडघ्यावर पाय ठेवून उभं. मोठ्या डब्यातली बिर्याणी निवत चालली होती, आणि मी ताट घेऊन दोघांचं होण्याची वाट बघत होते.