आठ नंबरचा पाय

कॅनव्हासच्या बुटांच्या त्या कारखान्यात त्याला नावानं कुणी हाक मारत नसे. तो ‘आठ नंबर’. तरुणपणी त्याचा पाय असा बेताचा होता, की मालकांनी त्यावरूनच बुटाचा लाकडी साचा कोरून घेतला. खाली रबरी तळ, पुढे बोटांवर रबराची टोपी, नाडीला सहा जोड्या भोकं. तो साधा पांढरा बूट गावभर झाला. आठ नंबरचं काम एकच. नवा बूट घालायचा, चार पावलं टाकायची आणि म्हणायचं, “बसला!”

एवढ्या कामावर माणूस पिकला. आधी पोट सुटलं, मग पायही. एके दिवशी बूट काही केल्या चढेना. त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

“साचा आक्रसलाय,” तो दडपून बोलला. “लाकूडच ते!”

सुतारानं कपाळाला हात लावला, पण पायाशी वाद कोण घालणार? नवा, ऐसपैस साचा झाला आणि गावाचे हाल सुरू झाले. पोस्टमन पुढे जाई, बूट मागे राही. शाळेच्या शर्यतीत पोरं अनवाणीच जिंकली. तक्रारींचा पाऊस पडला.

“अहो, खरं सांगून टाका,” बायको म्हणाली. “गावाला का फरफटवताय?”

“सांगितलं तर मी कोण? नऊ नंबर? त्या मापाचा माणूस गोदामात आधीच आहे!”

शेवटी मालकांचं बोलावणं आलं. बिचाऱ्यानं खाली पायांकडे पाहिलं, आणि तेही आता आठ नंबरचे राहिले नाहीत याची त्याला लाज वाटली. “मालक, साचा बरोबर होता. माझा पायच वाढला.”

मालकांनी स्वतःचा पाय उचलून टेबलावर ठेवला. पायात कारखान्याचाच बूट!

“आयुष्यभर हा विकला, पण घातला कधी नाही. चावायचा मेला! आता कसा बसलाय बघा.”

“आणि गिऱ्हाइकं?”

“वर आणखी एक जोडी भोकं पाडा. आवळून बांधतील.”

ती सातवी जोडी पुढे फॅशन झाली. दुसरे कारखानेही पाडू लागले, कशाला ते न विचारता.

“नोकरी पक्की,” मालक म्हणाले, “पण पाय आता एवढाच राहिला पाहिजे.”

रात्री बायको आग्रहानं वाढायला आली, तर त्यानं ताटावर हात आडवा धरला.

“पुरे! या पायात अख्खं गाव चालतंय.”