हळदीच्या धवल्यातली मोकळी जागा

आधीच सांगते, म्हणजे नंतर प्रतिसादांत कुणी मला शिकवायला नको — माझा भुताखेतांवर काडीचा विश्वास नाही. तेव्हा नव्हता आणि आजही नाही. या सदरातले अनुभव मी चहाबरोबर खारी खावी तसे वाचते आणि बहुतेकांत मला कारण सापडतं... वारा, मांजर, नाहीतर सांगणाऱ्याला लागलेली डुलकी. पण एक अनुभव माझ्या स्वतःकडे पडून आहे. तो माझ्याच धंद्यातला आहे आणि तरी मला त्यात काही सापडलेलं नाही. म्हणून जास्त झोंबतो.

माझा धंदा कॉम्प्युटरचा. शहापुरात बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत माझा क्लास होता. सकाळ-संध्याकाळ मुलांना शिकवायचं आणि मधल्या वेळात घरोघरी जाऊन दुरुस्ती. साल दोन हजार पाच किंवा सहा असेल. बाईमाणूस स्क्रू ड्रायव्हर घेऊन दारात आली की लोक आधी माझ्या मागे कोण आहे ते बघायचे. मागे कुणी नसायचं. मग नाइलाजाने मला आत घ्यायचे, आणि काम झालं की तेच लोक चार घरी माझं नाव सांगायचे.

त्या दिवसांत आमच्याकडे कॉम्प्युटरच्या सगळ्या दुखण्यांवर एकच औषध होतं — "फॉरमॅट मार!" मशीन हळू चालतंय, फॉरमॅट मार. जाहिराती येतात, फॉरमॅट मार. मला या प्रकाराचा भयंकर राग. डोक्यात उवा झाल्या म्हणून कुणी डोकं भादरत नाही. मी एकेक ऊ वेचून काढणारी बाई. वेळ लागतो, पण केस शाबूत राहतात.

तर, एप्रिल महिना, लग्नाची धामधूम. नंदूचा फोन आला. नंदू कल्याणला एका कंपनीत कामाला जायचा. त्याचं गाव शहापूर-मुरबाड रस्त्यावर — किन्हवली मागे टाकली की सरळगावच्या अलीकडे एक फाटा लागतो, तिथून आत. गावाचं नाव लिहीत नाही, माणसं अजून तिथेच राहतात. "मॅडम, आजच्या आज या," म्हणाला. "कॉम्प्युटर उघडाया मागत नाय. आणि फॉरमॅट मारायचा नाय, आधीच सांगतो." हे शेवटचं वाक्य ऐकलं आणि मी लगेच निघाले. असं गिऱ्हाईक रोज भेटत नाही.

घराच्या ओटीवर बायका लग्नाचे तांदूळ निवडत बसल्या होत्या. कॉम्प्युटर आतल्या खोलीत, क्रोशाचा रुमाल घातलेला. मॉनिटरला काळा दोरा बांधला होता आणि खाली लिंबू-मिरची लोंबत होती.

"हा कुठला अँटीव्हायरस?" मी विचारलं.

नंदू लाजला. "तो आमच्या भगताचा. बाकी दोन टाकलेत मॅडम. एक मित्रानं दिला, एक मासिकाच्या सीडीतला. आन् तिसरा आपोआप आला."

मशीन चालू केलं. बापरे! स्क्रीन दिसेचना. खिडकीवर खिडकी. तुम्ही बक्षीस जिंकलात, तुमचं वजन घटवा, परदेशी मुली तुमची वाट बघताहेत... नंदू घाईघाईने मॉनिटरसमोर उभा राहिला आणि ओटीवरच्या बायकांना दिसू नये म्हणून हातांनी झाकायला लागला. त्या सगळ्या गर्दीत एक लाल खिडकी सारखी ओरडत होती, की तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहेत, इथे दाबा.

"हा तुझा आपोआप आलेला," मी म्हटलं. "हा अँटीव्हायरस नाही रे, हाच चोर आहे. चोर शिरले, चोर शिरले म्हणून स्वतःच बोंब मारतोय, म्हणजे तू दार उघडशील. आणि उरलेले दोन खरे आहेत, पण एका दारात दोन कुत्रे बांधलेस तर ते चोर सोडून एकमेकांनाच चावतात. एक ठेवायचा."

"कंचा ठेवू मग?"

"या जुन्या मशीनला जो हलका पडेल तो. आणि जो तू न विसरता अपडेट करशील तो. बाकी जाहिरातीत कोण किती मोठा, ते सोडून दे."

फोनची वायर मी पहिली काढून टाकली. म्हणजे इंटरनेट बंद. हे लक्षात असू द्या, मशीनमध्ये बाहेरून काही यायला वाटच नव्हती.

तेवढ्यात नंदूची बायको सुनंदा पाणी घेऊन आली. पेला माझ्या हातात देऊन तिथेच उभी राहिली. "मॅडम, बाकी काय गेला तरी चालंल. आत्याबायची गाणी तेवढी जाऊ देऊ नका."

आत्याबाई म्हणजे तिची सासू, बायजाबाई. मागच्या पावसाळ्यात वारल्या. पंचक्रोशीतली नावाजलेली धवलारीण. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते — आमच्या पट्ट्यात लग्नाला भटजी असो नसो, धवलारीण लागतेच. हळदीपासून वरात निघेपर्यंतची गाणी, म्हणजे धवले, ती म्हणते. सगळं तोंडपाठ, सासूकडून सुनेकडे आलेलं. बायजाबाई थकल्या तेव्हा नंदूने माइक लावून त्यांचे धवले या कॉम्प्युटरमध्ये उतरवून घेतले होते. सुनंदाला निम्मे येत होते. उरलेले निम्मे या जाहिरातींच्या ढिगाखाली होते आणि नंदूच्या भाचीची हळद चार दिवसांवर आली होती.

माझा नियम आहे, आधी सामान बाहेर काढायचं, मग घर झाडायचं. वर आलेल्या खिडक्या एकेक करून मिटवल्या, गाण्यांचा फोल्डर माझ्या पेन ड्राइव्हवर उतरवला आणि नीट आलंय का बघायला हळदीचा धवला लावला. घोगरा, दमदार आवाज. ओटीवरच्या बायका मान वळवून आत बघायला लागल्या.

"हळद लागली गो..." आणि मग आवाजच नाही. नुसता श्वास. मग पुढे, "...बायेला."

फाइल खराब झाली असं मला वाटलं. सुनंदा म्हणाली, "नाय मॅडम, ती नवरीच्या नावाची जागा हाय. आत्याबायनी मोकळी ठेवली. धवल्यात एकदा नाव घेतला का त्या बाईला हळद लावायलाच लागते, नायतर वाईट होतं. लगीन नसताना कुणाचा नाव घेणार?"

मला हे आवडलं. शिस्त म्हणतात ती हीच. मी पूर्ण धवला ऐकला. नाव जिथे जिथे यायला हवं तिथे तिथे तेवढाच श्वास. ठेका कुठेही चुकलेला नव्हता.

"बंद करा ते," दारातून कुणीतरी म्हणालं.

हातात सूप घेतलेली चाळिशीची बाई. ही कुसुम, नंदूची मोठी बहीण, उंबरमाळीकडे दिलेली... खरं तर 'दिलेली' नव्हेच, तिथेच सगळी गोम होती. कुसुमने स्वतःच्या पसंतीने, दुसऱ्या जातीत, रजिस्टर लग्न केलं होतं. बायजाबाईंनी तेव्हा भर ओटीवर शब्द टाकला, की हिच्या नावाचा धवला माझ्या तोंडातून निघायचा नाय. पुढे नातवंडं झाली, येणं-जाणं सुरू झालं, मायलेकी एकत्र बसून भाकऱ्या थापायच्या. पण शब्द काही बाईने मागे घेतला नाही. गावभरच्या पोरींना हळदीला गाणारी आई, आणि हिला मात्र हळद लागलीच नाही. आता कुसुमच्या मुलीचं, मनीषाचं लग्न होतं. सुनंदाचा आग्रह, की धवले मी म्हणणार. कुसुमला धीर होत नव्हता.

"आईनं माझा नाव घेतला नाय," ती म्हणाली, "तिचा धवला माझ्या पोरीला कसा लागंल गो वहिनी? जिवंतपणी टाकलेला शब्द हाय. पोरीच्या संसाराला काय झाला तर? त्यापेक्षा आपण बाजारातली कॅसेट लावू."

सुनंदाने तोंड फिरवलं. मी परकी, मी काय बोलणार? पण मला कुसुमचं फार वाईट वाटलं, हे खरं आहे. इतकी वर्षं झाली, तरी ते बोलताना तिची नजर सुपातल्या तांदळावरून वर आली नाही.

मी कामाला लागले. सुरुवातीला आपोआप चालू होणारे दहा-बारा आगंतुक बंद केले. ब्राउझरवर एकावर एक चढलेल्या पट्ट्या उतरवल्या. लाल खिडकीवाल्या चोराला मुळासकट उपटलं — तो तीन वेळा परत आला, चौथ्यांदा नाही आला. दोनांपैकी जड अँटीव्हायरस काढला, हलका ठेवला आणि क्लासमधून आणलेल्या सीडीवरून अपडेट केला. मग पूर्ण स्कॅन. दुपारी लाइट जायच्या आत संपायला हवं म्हणून देवाचं नाही, पण वीज मंडळाचं नाव घेत बसले होते. स्कॅन संपला. स्वच्छ! डेस्कटॉपवर निळं आकाश, हिरवी टेकडी, एक खिडकी नाही. नंदूने तर टाळीच वाजवली.

"आता लावा मॅडम. सुनंदाला पाठ करायचाय," तो म्हणाला.

मी हळदीचा धवला लावला. तीच फाइल, त्याच फोल्डरमधली. सुनंदा माझ्या शेजारी, पहिल्या ओळीपासून ओठ हलवत होती. कुसुम दारात आमच्याकडे पाठ फिरवून उभी होती.

"हळद लागली गो... कुसुम बायेला."

सुनंदाचे ओठ थांबले. आवाज बायजाबाईंचाच, तोच घोगरा, तोच दम. श्वासाची जागा होती तिथे नाव बरोब्बर बसलं होतं, ठेका इकडचा तिकडे नाही. पुढच्या कडव्यात पुन्हा... कुसुम बायेला. आणि पुन्हा. शेवटपर्यंत. ओटीवरच्या बायका दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. धवला संपला तेव्हा कुसुमच्या हातातलं सूप खाली पडलेलं होतं आणि ती भिंतीला टेकून एवढंच म्हणत होती, "आये... आये गो..."

"मॅडम," नंदू हळूच म्हणाला, "तुमी काय केलात?"

काय करणार होते मी? लगेच परत लावला. श्वास. मोकळी जागा. परत लावला. मोकळी जागा. मग लाइट गेले.

आता तुमचे प्रश्न, मीच विचारून टाकते. दुसरी फाइल होती का? नव्हती. हळदीचा धवला एकच. फाइलचा आकार आणि तारीख सकाळी पाहिली तीच होती. पेन ड्राइव्हवरच्या प्रतीत मोकळी जागाच होती, अजूनही आहे. नंदूने कधीतरी आईकडून ते नाव वदवून दुसरं रेकॉर्डिंग केलं असेल? त्याने मुलांची शपथ घेतली. मी शपथांवर विश्वास ठेवत नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी ती हार्ड डिस्क क्लासवर आणून पुसलेल्या फाइली शोधणारं सॉफ्टवेअर चालवलं. परदेशी मुली सगळ्या परत सापडल्या, दुसरा धवला नाही सापडला. कुणी खोलीत गायलं? आवाज स्पीकरमधून आला, आणि माइक कपाटात होता. आम्हा सगळ्यांना एकदम भास झाला? ओटीवरच्या म्हाताऱ्यांना विचारा, त्या तुम्हाला सुपाने मारतील.

माझ्यासारख्या बाईने एवढं सगळं करून हात टेकले, यातच काय ते समजा. आजपर्यंत मला याचं उत्तर मिळालेलं नाही. कुणाकडे असेल तर कळवा, पण आधी माझं वरचं सगळं वाचून मग कळवा.

त्या म्हाताऱ्यांना मात्र उत्तराची गरजच नव्हती. त्यांनी त्याच दुपारी निकाल लावला — नाव निघालं, आता हळद लावायलाच लागते.

मला हळदीचं आमंत्रण होतं. उंबरमाळीजवळ, रुळांच्या पलीकडे मांडव. मनीषा पाटावर बसायच्या आधी दोन पाट मांडले होते. कुसुम पदराने तोंड झाकून पळत होती, "लेकीच्या हळदीत आईला कोण बसवतो गो? लोकं हसतील!" दोन बायकांनी धरून बसवली. शेजारी तिचा नवरा, पिकल्या मिशीचा माणूस, कान लाल झालेले. मनीषाच सगळ्यात मोठ्याने हसत होती. मग सुनंदाने धवला धरला. नावाच्या जागी आली, क्षणभर कुसुमकडे बघितलं आणि मोकळ्या गळ्याने ते नाव घेतलं. कुसुमने पदर खाली सोडला. हसणं, रडणं, सगळं एकदमच चाललं होतं तिचं.

हळदीची वाटी फिरत फिरत माझ्यापुढे आली. मी दोन्ही हातांची बोटं बुडवली आणि तिच्या गालांना भरभरून हळद लावली.